बुळकांडी गेली, लाळ्या खुरकुत का जात नाही?

२०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याची अधिकृत घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिलाच. भारतातली बुळकांडीची शेवटची लागण १९९५ सालची. ज्या रोगाने एकेकाळी गावोगावच्या दावणी ओस पाडल्या, तो आज तिशीतल्या पशुपालकाने डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. हे काम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी आणि थंड पेटी घेऊन गावोगाव पायपीट करणाऱ्या लसटोचकांनी केले. तेच खाते, तसेच दवाखाने आणि तशीच माणसे गेली कित्येक वर्षे लाळ्या खुरकुतीशी झुंजत आहेत. तरीही दर एक-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून साथीची बातमी येतेच.

असे का होते, याचे उत्तर तीन ठिकाणी आहे: विषाणूच्या घडणीत, लशीच्या मर्यादेत आणि जनावरे पाळण्याच्या, विकण्याच्या, हलवण्याच्या आपल्या व्यवहारात. पहिली दोन कारणे खरीच अवघड आहेत. पण जगाचा अनुभव तपासला तर दिसते, की त्यांच्यावर मात करता येते. आपल्याकडे रोग टिकून आहे तो मुख्यतः तिसऱ्या कारणाने, आणि ते कारण पूर्णपणे आपल्या हातातले आहे.

गोठ्यातले चित्र

लागण झालेली गाय आधी चाऱ्यावरून तोंड काढते. अंगात १०४ ते १०६ अंश फॅरेनहाइट ताप भरतो, रवंथ थांबते, दूध एकाएकी घटते. मग तोंडातून चिकट, तार धरणारी लाळ गळू लागते आणि जनावर ओठांचा मचमच आवाज करत उभे राहते. तोंड उघडून पाहिले तर जिभेवर, हिरड्यांवर, टाळूवर पाण्याने भरलेले फोड दिसतात. ते फुटले की जिभेचे साल सुटून येते आणि खाली लालभडक चट्टा उघडा पडतो. तसेच फोड खुरांच्या बेचक्यात आणि खुराच्या वरच्या कडेला येतात. जनावर पाय झटकते, लंगडते, बसले की उठायला तयार होत नाही. चिखलाचे दिवस असतील तर जखमेत अळ्या पडतात, क्वचित खूरच गळून जातो. सडांवर फोड आले की गाय धारेला हात लावू देत नाही, आणि कासेत दूध साचून कासदाह सुरू होतो.

मोठी जनावरे यातून सहसा मरत नाहीत. त्यांच्यातली मरतुक बहुतेक साथींत शेकडा पाचाच्या आत राहते. वासरांचे तसे नाही. त्यांच्यात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. तोंडात एकही फोड दिसण्याआधी, आईच्या कासेला लागलेले वासरू जागच्या जागी कोसळते. शवविच्छेदनात त्याच्या हृदयावर फिकट पिवळे पट्टे उमटलेले दिसतात.

मोठे जनावर मरत नाही म्हणून हा रोग किरकोळ समजला जातो, आणि अनर्थ तिथूनच सुरू होतो. गाय वाचते, पण त्या वेतात दूध पूर्वीइतके येत नाही. गाभण गाय गाभडते, माज लांबतो. काही जनावरांच्या अंगावर केस दाट वाढतात आणि थोड्या उन्हानेही त्यांना धाप लागते. असा बैल पुढे नांगराला किंवा गाडीला टिकत नाही. संकरित गायींना हा फटका देशी गायींपेक्षा जास्त बसतो. दिवसाला १२ लिटर देणारी गाय पंधरा दिवस आटली तर १८० लिटर दूध बुडाले. त्यात औषधपाणी, गेलेली कालवड आणि गाय पुन्हा गाभण राहायला लागलेले जादा महिने धरले, तर दोन गायींवर चालणाऱ्या घराचा वर्षाचा ताळेबंद बिघडतो. देशाचे नुकसान वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपयांचे असल्याचा अंदाज वर्षानुवर्षे मांडला जातो. ते सारे अशाच लहान घरांतून गोळा झालेले आहे.

इथेच एक गैरसमजही दूर करायला हवा. लहान मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारा आजार वेगळ्या विषाणूंमुळे होतो. त्याचा गोठ्यातल्या रोगाशी संबंध नाही. लाळ्या खुरकुत माणसाला होण्याच्या घटना इतक्या विरळ आहेत, की तो माणसांचा रोग मानला जात नाही. दूध उकळून प्यावे, एवढे पुरे.

विषाणूची घडण

१८९७-९८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पॉल फ्रॉश यांनी आजारी जनावरांच्या फोडातले पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले आणि ते निरोगी वासरांना टोचले. गाळलेल्या पाण्यानेही रोग झाला. जिवाणूपेक्षा लहान असे काहीतरी रोग घडवते, हे प्राण्यांच्या बाबतीत पहिल्यांदा सिद्ध झाले ते याच रोगावर. साथ बाहेर पसरू नये म्हणून पुढे लोफ्लर यांची प्रयोगशाळा बाल्टिक समुद्रातल्या रीम्स बेटावर हलवण्यात आली.

हा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा आहे. एका मिलिमीटरमध्ये ओळीने तेहतीस हजार मावतील. आत आरएनएचा एकच धागा, सुमारे ८,४०० अक्षरांचा. बाहेर चार प्रकारच्या प्रथिनांच्या प्रत्येकी साठ प्रतींचे कवच. हे कवच अणुपातळीवर कसे दिसते ते १९८९ साली रवी आचार्य, डेव्हिड स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कवचाच्या पृष्ठभागावर व्हीपी-१ नावाच्या प्रथिनाचा एक लवचीक फास बाहेर डोकावतो. विषाणू जनावराच्या पेशीला चिकटतो तो याच फासाने, आणि शरीरातली प्रतिपिंडे त्याला ओळखतात तीही बऱ्याच अंशी याच जागी. पेशीला चिकटणारा मधला भाग कायम ठेवून आजूबाजूची अक्षरे बदलत राहिली, की विषाणूचे काम चालू राहते आणि जुनी प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात.

अक्षरे बदलतातही भराभर. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला चूक दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक राहते. एका जनावरात कोट्यवधी प्रती तयार होतात. त्यांतल्या बहुतेक चुका वाया जातात, थोड्या विषाणूच्या पथ्यावर पडतात.

या बदलांतून विषाणूचे सात मुख्य प्रकार झाले आहेत. ओ आणि ए हे दोन प्रकार १९२२ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे ओळखले गेले, सी १९२६ मध्ये जर्मनीत. दक्षिण आफ्रिकी प्रदेशांतले तीन प्रकार आणि आशिया-१ त्यानंतर सापडले. एका प्रकारापासून मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही. ओ प्रकाराची लागण होऊन बरी झालेली गाय त्याच वर्षी ए प्रकाराने पुन्हा आजारी पडू शकते. भारतात आज ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आहेत. पाचांतल्या चारांहून अधिक साथी ओ प्रकाराच्या असतात. सी प्रकार भारतात १९९५ नंतर आणि जगात २००४ नंतर आढळलेला नाही. याचा अर्थ या विषाणूचा एक अख्खा प्रकार नाहीसा होऊ शकतो. ही बाब धीर देणारी आहे.

बुळकांडीचा धडा इथे का लागू पडत नाही

बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा होता. त्यावर जिवंत पण सौम्य केलेली लस मिळाली आणि एका टोचणीत जनावराला जन्माची प्रतिकारशक्ती आली. बरे झालेले जनावर विषाणू बाळगून राहत नसे. रोग इतका उघड होता, की लपून राहण्याची शक्यताच कमी.

लाळ्या खुरकुत या चारही बाबतींत उलटी आहे. प्रकार अनेक. जिवंत लस धोक्याची ठरली, म्हणून निष्क्रिय विषाणूची लस वापरावी लागते आणि तिचे संरक्षण साधारण सहा महिनेच टिकते. बरे झालेल्या जनावराच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो: मेंढीत नऊ महिन्यांपर्यंत, गायीत साडेतीन वर्षांपर्यंतच्या नोंदी आहेत. अशा बऱ्या झालेल्या गायी दुसऱ्यांना लागण देतात असे प्रयोगांत क्वचितच दिसले आहे, त्यामुळे घाबरून त्या विकून टाकण्याचे कारण नाही.

खरा धोका आहे तो लागणीच्या पहिल्या दिवसांत. फोड दिसण्याआधीच दुधातून, लाळेतून, श्वासातून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे मालकाला कळेपर्यंत शेजारच्या गोठ्यात तो पोचलेला असतो. मेंढ्या-शेळ्यांत लक्षणे इतकी पुसट असतात, की एखादी लंगडते एवढेच दिसते. डुकरे श्वासावाटे प्रचंड विषाणू सोडतात. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर रोग पोचला तो समुद्रावरच्या वाऱ्याने, सुमारे अडीचशे किलोमीटर ओलांडून. पण असा हवाई प्रवास अपवादाचा. रोजच्या व्यवहारात रोग फिरतो तो जनावरांच्या पायांनी, माणसांच्या हातांनी, चाऱ्याच्या आणि जनावरांच्या गाड्यांनी.

जगाने धरलेल्या दोन वाटा

एक वाट कत्तलीची. २० फेब्रुवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये रोगाची खात्री झाली. जनावरांच्या वाहतुकीवर बंदी यायला आणखी तीन दिवस लागले. पण खात्री होण्याआधीच मेंढ्यांच्या बाजारांतून तो किमान ५७ फार्मवर पोचला होता. पुढच्या सात महिन्यांत २,०२६ ठिकाणी लागण सापडली, साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि नुकसान सुमारे आठ अब्ज पौंडांवर गेले. त्या साथीतला ओ प्रकाराचा वाण पहिल्यांदा आढळला होता तो १९९० मध्ये उत्तर भारतात. भारतीय उपखंडातलाच आणखी एक वाण २०१३ पासून पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका आणि आग्नेय आशियात पसरला. तीस वर्षांहून अधिक काळ रोगमुक्त असलेल्या इंडोनेशियात २०२२ मध्ये त्यानेच पाऊल टाकले. आपल्या गोठ्यातला विषाणू हा साऱ्या जगाचा प्रश्न आहे, तो असा.

रोगमुक्त देशही निर्धास्त नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका कळपात रोग आढळला. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. पाठोपाठ हंगेरी आणि स्लोवाकियातही तो निघाला. ज्या देशांत लस थांबवलेली असते, तिथे एकूण एक जनावर विषाणूला उघडे असते. त्यांना कत्तलीशिवाय चटकन आवर घालता येत नाही.

दुसरी वाट लशीची. तिचे सर्वांत मोठे उदाहरण ब्राझील. वीस कोटींहून अधिक गाई-बैल असलेल्या या देशाने वर्षानुवर्षे नेमाने लसीकरण केले, प्रत्येक राज्यागणिक रोगमुक्त पट्टा वाढवत नेला आणि शेवटची साथ २००६ मध्ये पाहिली. मग टप्प्याटप्प्याने लसही थांबवली. मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने संपूर्ण ब्राझीलला लसीकरणाविना रोगमुक्त देशाचा दर्जा दिला. प्रचंड संख्येची जनावरे, लांबच लांब सीमा आणि उष्ण हवामान असूनही हे साधले.

भारताला पहिली वाट बंद आहे. इथे गोवंशाची सरसकट कत्तल कायद्यालाही मान्य नाही आणि मनालाही. ज्या घरात गायीला नाव असते, तिथे तो विचारही होऊ शकत नाही. म्हणून आपल्यापुढे लस हा एकमेव मार्ग उरतो, आणि तो अर्धवट चालून भागत नाही.

भारताची वाटचाल

पशुरोगांवरच्या संशोधनाचा भारतातला पाया महाराष्ट्रातच घातला गेला. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली; काही वर्षांत ती कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. लाळ्या खुरकुतीवरचा देशव्यापी समन्वित संशोधन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. आज या रोगाची राष्ट्रीय संस्था भुवनेश्वरजवळ आहे. देशभरातून आलेल्या नमुन्यांची तपासणी करणे, कोणता वाण कुठे फिरतो याचा माग ठेवणे आणि लशीतला विषाणू अजून उपयोगाचा आहे का हे पाहणे, ही कामे तिथे चालतात. हे शेवटचे काम फार मोलाचे आहे. ओ प्रकारासाठी १९७५ सालचा भारतीय वाण लशीत दीर्घकाळ टिकून राहिला. ए प्रकाराने मात्र रूप बदलले आणि १९८२ सालचा वाण काढून २००० सालचा वाण लशीत घ्यावा लागला.

संघटित लसीकरण २००३-०४ मध्ये देशातल्या ५४ जिल्ह्यांत सुरू झाले आणि हळूहळू वाढत गेले. जिथे फेऱ्या नियमित झाल्या तिथे साथी कमी झाल्या. पण २०१३ मध्ये कर्नाटकासह दक्षिणेत मोठी साथ आली आणि हजारो जनावरे दगावली. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची घोषणा झाली. लाळ्या खुरकुत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये, सारा खर्च केंद्राचा. गाई-म्हशींना वर्षातून दोनदा लस, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरेही कार्यक्रमात, प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि संगणकावर नोंद. २०३० पर्यंत रोगाचे उच्चाटन हे उद्दिष्ट. लसीकरणात पुढे असलेली नऊ राज्ये २०२४ मध्ये केंद्राने रोगमुक्त पट्ट्यांसाठी निवडली. त्यांत महाराष्ट्र आहे.

कुपीतली लस, जनावरातली लस

लस म्हणजे कारखान्यात पेशींवर वाढवलेला, रसायनाने निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू. यातला अख्खा हा शब्द महत्त्वाचा आहे. कवच शाबूत असेल तरच शरीर त्याला ओळखून पुरेशी प्रतिपिंडे तयार करते. उष्णता लागली की कवचाचे तुकडे होतात, आणि तुकड्यांनी संरक्षण जवळजवळ मिळतच नाही. दुर्दैवाने ओ प्रकाराचे कवच विशेष नाजूक आहे, आणि आपल्याकडे सर्वाधिक साथी त्याच्याच. म्हणून लस कारखान्यापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. ती गोठली तरी बिघडते. जिल्ह्याच्या शीतगृहातली वीज, दवाखान्यातला फ्रिज आणि मोटारसायकलवर बांधलेल्या पेटीतला बर्फ या साखळीची एक कडी तुटली, तर टोचणी होते, नोंद होते, पण जनावर उघडेच राहते. कुपी पाहून हे ओळखता येत नाही.

म्हणून किती जनावरांना लस टोचली या आकड्यापेक्षा किती जनावरांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे सापडली हा आकडा खरा. कळपातल्या किमान ८० टक्के जनावरांना संरक्षण असेल तर विषाणूला पुढचे जनावर मिळणे अवघड होते. त्याखाली घसरले, तर भगदाड ठेवून बांध घातल्यासारखे होते. लस दिलेल्या आणि प्रत्यक्ष लागण झालेल्या जनावरांत रक्ततपासणीने फरक करता येतो. शुद्ध केलेल्या लशीत विषाणूची कवचाबाहेरची प्रथिने नसतात. त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर त्या गोठ्यात खरा विषाणू येऊन गेला असे समजावे. ही तपासणी गावपातळीवरून जितकी नियमित होईल, तितके आपण अंधारात कमी चाचपडू.

टोचणीला विरोध का होतो, तेही समजून घ्यायला हवे. लशीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे कमी होते, टोचल्या जागी गाठ येते, क्वचित ताप येतो. पशुपालकाला हे दिसते. टळलेला रोग मात्र त्याला दिसत नाही. त्यात फेरी अवेळी आली, गाय नुकती व्यायलेली असली किंवा बिल्ला मारताना कान चिघळला, की पुढच्या खेपेला दार बंद होते. यावर दटावणी चालत नाही. दूध थोडे घटेल, दोन दिवसांत पूर्ववत होईल, हे आधीच स्पष्ट सांगणारा पशुधन पर्यवेक्षक आणि तक्रार आली तर परत येऊन जनावर पाहणारा डॉक्टर, यांच्यावर गावाचा विश्वास बसतो. लसीकरणाआधी जंतनाशक देण्याचा सल्लाही वेळेवर पोचला तर उपयोगी पडतो.

महाराष्ट्रातली फिरती जनावरे

महाराष्ट्रात या रोगाचा माग काढायचा तर जनावरांच्या वाटा पाहाव्या लागतात. पावसाळा सरला की बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून ऊसतोड कुटुंबे बैलजोड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. हंगामाच्या तोंडावर बैलांचे बाजार भरतात. कुठून कुठून आलेली जनावरे एका मैदानात, एका हौदावर उभी राहतात. मग कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, शेजारी शेकडो बैल बांधले जातात. त्यांच्यापुढे उसाचे वाढे असतात, आणि तेच वाढे परिसरातला दूधउत्पादक आपल्या संकरित गायींसाठी विकत नेतो. बैल, गाडी, वाढे आणि माणसाचे हात अशा चार वाटांनी तळावरचा विषाणू गावातल्या गोठ्यात पोचू शकतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हंगाम संपतो आणि तीच जनावरे मराठवाड्यात परततात.

लशीनंतर प्रतिकारशक्ती अंगी यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून गाडी निघण्याच्या दिवशी टोचून भागत नाही. निदान तीन आठवडे आधी, जनावर गावात असतानाच लस व्हायला हवी. मुकादमाशी करार ठरतो तेव्हाच बैलांच्या बिल्ल्याची आणि लशीची नोंद तपासली, तर एवढ्या एका गोष्टीने मोठा फरक पडेल. कारखान्यांना बैल हवेत, तर बैलांच्या आरोग्यातला वाटाही त्यांनी उचलावा, ही अपेक्षा रास्त आहे.

दुसरी वाट धनगरांच्या कळपांची. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे किंवा काळ्या रानाकडे उतरतात, खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात बसवले जातात. मेंढपाळाच्या मेंढीत रोग दिसतच नाही, त्यामुळे त्याच्यावर दोष टाकण्यात अर्थ नाही. त्याच्या वाटेवर, त्याच्या मुक्कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे लस पोचली पाहिजे. धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह हलणारा तळ, गावोगाव फिरतो आणि लसीकरणाची मोहीम गावनिहाय याद्यांवर चालते. याद्या आणि वाडा यांची गाठ पडतच नाही, ही खरी अडचण आहे.

बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करू नये, असा नियम राज्याने १ जून २०२४ पासून केला. नियम योग्य आहे. बाजाराच्या फाटकावर बिल्ला वाचणारा माणूस आणि यंत्र असेल तरच तो कागदावरून खाली उतरेल.

लागण झालीच तर

पहिली गोष्ट म्हणजे लपवायचे नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे हा कळवण्याजोगा रोग आहे. दवाखान्याला वेळेत कळले तर आजूबाजूच्या गावांत लस देऊन साथीला कडे घालता येते. आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याची गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी ठेवावी. आधी निरोगी जनावरांचे करावे, शेवटी आजारी जनावराचे. बाजार, जत्रा, सामाईक हौद आणि चराऊ रान काही आठवडे बंद.

तोंड तुरटीच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने धुवावे, फोडांवर बोरोग्लिसरीन लावावे. खुरे मोरचुदाच्या एक टक्का पाण्याने धुवून कोरडी ठेवावीत. कोवळा, मऊ चारा आणि पेज द्यावी. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. जखमांत शिरलेल्या जिवाणूंसाठी ती डॉक्टरांनी ठरवून द्यावीत. वासराला आजारी आईचे दूध पाजू नये. दुसऱ्या निरोगी गायीचे किंवा उकळून कोमट केलेले दूध द्यावे.

गोठा निर्जंतुक करताना एक चूक सर्रास होते: फिनाईल शिंपडले की काम झाले असे वाटते. या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्यामुळे फिनाईलसारखी औषधे, त्यातही शेणामुताच्या थरावर, फारशी चालत नाहीत. त्याची खरी कमजोरी आम्लता आणि अल्कता ही आहे. सामू सहाच्या खाली किंवा नऊच्या वर गेला की कवच मोडते. म्हणून आधी शेण, उरलेला चारा खरवडून काढावा, आणि मग चार टक्के धुण्याच्या सोड्याचे पाणी, म्हणजे दहा लिटरला ४०० ग्रॅम सोडा, जमिनीवर, गव्हाणीवर, दारात आणि चपलांवर वापरावे. स्वस्त, प्रत्येक किराणा दुकानात मिळणारे आणि फिनाईलपेक्षा कितीतरी परिणामकारक.

सामूचाच आधार घेऊन म्हशीच्या मांसाची निर्यातही चालते. कापलेल्या मांसात आम्ल तयार होऊन स्नायूतला विषाणू मरतो, हाडांत आणि ग्रंथींत मात्र राहू शकतो. म्हणून हाडे-ग्रंथी काढून, ठरावीक काळ थंड ठेवलेले मांसच परदेशी जाते. तरीही चांगला भाव देणाऱ्या अनेक देशांची दारे रोगामुळे आपल्याला बंद आहेत.

आता काय करायला हवे

पैसा, लस, प्रयोगशाळा, कायदा आणि संगणकावरची नोंद, हे सारे आज देशाजवळ आहे. कमतरता आहे ती सलगतेची. फेरी सहा महिन्यांऐवजी आठ-नऊ महिन्यांनी आली, की मधल्या काळात प्रतिपिंडे उतरतात. वर्षभर जन्मणारी वासरे दोन फेऱ्यांच्या मध्ये चार महिन्यांची होतात आणि पहिल्या मात्रेनंतर महिन्याने द्यायची दुसरी मात्रा राहून जाते. एका गावाची लस आज, शेजारच्या गावाची दोन महिन्यांनी. अशा फटींतून विषाणू टिकून राहतो.

या फटी बुजवायच्या तर फेरीची तारीख पक्की असावी आणि तालुक्याचे लसीकरण पंधरवड्यात उरकावे. वासरांची राहिलेली मात्रा पुढच्या फेरीची वाट न पाहता महिन्याच्या महिन्याला द्यावी. रोजचे दूध मोजणाऱ्या गावच्या डेअरीकडे प्रत्येक गोठ्याचे खाते असतेच. त्या खात्याला लशीची तारीख जोडावी. पशुधन पर्यवेक्षकांची रिकामी पदे भरावीत, कारण पेटी घेऊन जाणारा माणूसच नसेल तर बाकी सारे फोल आहे. गावातल्या प्रतिपिंडांचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, म्हणजे आपली जनावरे किती सुरक्षित आहेत हे मालकाला कळेल. आणि ज्याने लागण वेळेत कळवली त्याच्या मेलेल्या वासराची भरपाई विनाविलंब मिळावी. तरच पुढचा माणूस कळवेल.

यात नवे शोध लागण्याची वाट पाहण्यासारखे काहीही नाही. अधिक टिकाऊ लस आली तर उत्तमच, पण ब्राझीलने मजल मारली ती आजच्याच प्रकारच्या लशीने, वेळा चुकू न देता. सलग काही वर्षे एकही फेरी न चुकवण्याचा निर्धार शासनाने, दूध संघांनी, कारखान्यांनी आणि पशुपालकांनी मिळून केला, तर महाराष्ट्राचा रोगमुक्त पट्टा कागदावरून गोठ्यात उतरू शकतो.